पाचमिनिटवालीचे सासरे

रुग्णालयाच्या तळघरात, लिफ्टमधून उतरलं की उजव्या हाताला एमआरआयचं मशीन होतं. त्या मशीनवर गेली चौदा वर्षं काम करणाऱ्या बाईला वरच्या मजल्यांवरचे लोक पाचमिनिटवाली म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर ते कधीच आलेलं होतं. नाव पडायला कारणही तसंच होतं. माणूस एकदा त्या पांढऱ्या बोगद्यात सरकला, की काचेपलीकडच्या खोलीतून ती माइकचं बटण दाबायची आणि मऊ आवाजात सांगायची, "झालंच हं आता. पाचच मिनिटं राहिलीत." मग दहा राहिलेली असोत नाहीतर पंचवीस.

यात आपण खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नव्हतं. लहान मुलाला सुई टोचताना मुंगी चावेल म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आणि खरं सांगून तरी काय उपयोग? घड्याळाचा काटा आणि आत पडलेल्या माणसाचं मन यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे तिनं या चौदा वर्षांत चांगलंच पाहिलं होतं. एक गवंडी चाळीस मिनिटं घोरत पडला होता आणि बाहेर काढल्यावर डोळे चोळत म्हणाला होता, "चालू कधी करणार?" एक बाई बारा मिनिटांत बाहेर आली ती धावतच चपला शोधायला लागली, पोराची शाळा सुटून गेली असेल म्हणून तिचा जीव खालीवर झाला होता. तेव्हा सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते. पाचमिनिटवालीचा स्वतःचा वेळ मात्र काचेच्या अलीकडे भुर्रकन उडायचा. एकाचे फोटो तपासा, दुसऱ्याचा फॉर्म भरा, चहाचे दोन घोट घ्या, की दुपार झालेली असायची.

तिचे सासरे बस चालवायचे. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची एकोणीस वर्षं बारा नंबरच्या गाडीवर. डेपो ते स्टेशन, सतरा थांबे, चाळीस मिनिटं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी माणूस अजून वेळापत्रकावरच चालत होता. आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेले असले आणि नातीनं विचारलं, "आजोबा, किती वाजले?" तर मनगटाकडे न बघता सांगायचे, "चार वाजून अकरा." नात घड्याळ बघायची. चार वाजून दहा, फार तर बारा. घरात कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं, पण सासऱ्यांना त्याचा भारी अभिमान. शेजारी कुणी बसायला आलं, की ते काही ना काही निमित्त काढून वेळेवर बोलणं आणायचे.

त्या थंडीत त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एकदा चहाचा कप हातातून निसटला आणि सासूबाईंनी ताबडतोब सुनेला हाक मारली. हाडांच्या डॉक्टरांनी मान हलवून पाहिली, कोपरावर हातोडी मारून पाहिली आणि चिठ्ठीवर लिहिलं: पूर्ण मणक्याचा एमआरआय.

"घरचंच मशीन आहे की तुमच्या," डॉक्टर हसून म्हणाले.

"मला काही भीती नाही," सासरे म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या खेपेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर सासूबाई. पाचमिनिटवालीनं त्यांना कपाटाजवळ नेलं आणि सांगितलं, "बाबा, धातूचं काही अंगावर नको. पट्टा, किल्ल्या, नाणी. कवळीसुद्धा." कवळीच्या वेळी त्यांनी पाठ वळवली. सगळ्यात शेवटी घड्याळ. ते काढल्यावर मनगटावर एक पांढरा पट्टा दिसला, कधीच ऊन न लागलेला. त्यांनी घड्याळ सासूबाईंच्या हातात दिलं, तेही असं की जणू सांभाळायला लेकरू देताहेत.

टेबलावर निजवून तिनं त्यांच्या मानेवर प्लॅस्टिकची जाळी बसवली, कानांवर हेडफोन चढवले आणि डाव्या हातात रबरी फुगा दिला. "काहीही वाटलं तर हा दाबायचा. मी लगेच येते." मग टेबल आत सरकलं. काचेपलीकडे जाऊन तिनं मशीन चालू केलं आणि सवयीनं माइकचं बटण दाबलं.

"झालंच हं बाबा. पाचच मिनिटं राहिलीत."

थोड्याच वेळात फुग्याची घंटी वाजली. थांबून थांबून नव्हे, एकसारखी. ती धावत आत गेली, टेबल बाहेर ओढलं. सासऱ्यांच्या कपाळावर घाम होता आणि फुगा अजून त्यांच्या मुठीत आवळलेला होता.

"पुरे," ते म्हणाले. कवळी नसल्यामुळे शब्द मऊ पडत होते. "अर्धा तास झाला. आणखी किती वेळ ठेवणार आहेस?"

"बाबा, चार मिनिटं झाली."

"काय सांगतेस."

तिनं काचेतून पलीकडच्या भिंतीवरचं गोल घड्याळ दाखवलं. सासरे उठून बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "ते बंद असेल," असं म्हणून तसेच अनवाणी बाहेर गेले. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. "किती वेळ गेला?" सासऱ्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तासभर तरी झाला असेल," आणि क्षणभर सासऱ्यांचा चेहरा उजळला. पण मग सासूबाईंनी मूठ उघडून घड्याळ पुढे केलं. ते सासऱ्यांचं स्वतःचं घड्याळ होतं, रोज सकाळी लावलेलं, आणि तेही भिंतीवरच्या घड्याळाच्याच बाजूचं निघालं.

सासऱ्यांनी कपडे घातले, कवळी बसवली आणि ते घरी गेले.

पुढचे तीन दिवस घरात एक गोष्ट घडली नाही. नातीनं विचारलं, किती वाजले, तर सासरे म्हणायचे, "बघ जा घड्याळात." ते स्वतःही दर थोड्या वेळानं मनगट वळवून बघायचे, पुन्हा बघायचे. एरवी सव्वापाचला चहा मागणारा माणूस, पण चहा समोर येईपर्यंत गप्प बसून राहायचा. चौथ्या दिवशी सकाळी भांडी लावता लावता सासूबाई सुनेला हळूच म्हणाल्या, "अगं, त्यांनी मनाला लावून घेतलंय. काल मला म्हणाले, माझं डोकं कामातून गेलं बहुतेक. मुंग्या राहिल्या बाजूला, आता हे नवीन."

पाचमिनिटवालीला वाटलं होतं, बाबा मशीनला घाबरले. मशीनला तर पैलवानसुद्धा घाबरतात. हे दुखणं वेगळंच होतं. तिनं चहा केला, दोन कप घेतले आणि गॅलरीत त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, डोकं वगैरे काही गेलेलं नाही. आत गेलं की सगळ्यांचंच असं होतं. भीती वाटली की मिनिट ताणलं जातं."

"मी भ्यालो नव्हतो," सासरे म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "सुरुवातीला तरी नव्हतो."

"मग कधी?"

"तू म्हणालीस, पाच मिनिटं. बरं म्हटलं. मोजायला लागलो. माझ्या हिशोबानं पाच झाली, तुझा पत्ता नाही. सहा झाली, सात झाली. मग मला वाटलं, ही गेली. मशीन चालू ठेवून कुणीकडे तरी गेली आणि मी इथे राहिलो. त्यानंतर मला काही मोजता आलं नाही."

तिनं खुर्ची जरा पुढे ओढली.

"खरी किती राहिली होती?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"तू पाच म्हणालीस तेव्हा."

खोटं बोलायची ही जागा नव्हती. "एकोणचाळीस," ती म्हणाली.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण ते नुसते मान हलवत राहिले, नवशिक्या ड्रायव्हरनं गिअर चुकीचा टाकल्यावर हलवावी तशी.

"सगळ्यांनाच सांगते मी असं," ती म्हणाली. "धीर येतो त्यांना."

"येतो?"

ती कपाची कड बोटानं पुसत बसली.

"आमच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक होतं," सासरे म्हणाले. "लाकडाच्या वखारीपाशी. मालगाडी आली की वीस मिनिटं ठार बंद. माझ्याबरोबर एक नवा कंडक्टर होता, गोड बोलायचा. लोकांनी विचारलं की म्हणायचा, दोनच मिनिटं. दोनाची चार झाली की लोक चुळबुळायचे, आठ झाली की एकमेकांच्या अंगावर जायचे, दहा झाली की कंडक्टरच्या. एकदा तर त्याची टोपी गेली. मग मी काय करायला लागलो, फाटक पडलं की इंजिन बंद करायचो, उठून मागे वळायचो आणि सांगायचो, वीस मिनिटं आहेत. उतरा, पाय मोकळे करा, बिडी ओढा, मी हॉर्न देईन. कुणी ब्र काढला नाही कधी. माणूस वीस मिनिटं सोसतो, सूनबाई. दोनाची झालेली वीस सोसत नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी तिला ते लागलं. चौदा वर्षांचं काम, आणि सासऱ्यांनी एका फाटकाच्या गोष्टीत त्याला बोट लावलं होतं. त्या दिवशी ती कामावर गेली ती जरा घुश्शातच. दोन माणसांना तिनं मुद्दाम काहीच सांगितलं नाही, पाचही नाही आणि पंचवीसही नाही. त्यातल्या एकानं फुगा दाबून विचारलं, "कुणी आहे का तिकडे?"

तो प्रश्न ऐकून तिचा घुस्सा उतरला. दुपारी हात मोकळा झाल्यावर तिनं संगणकावर पूर्ण मणक्याची तपासणी उघडली आणि एका कागदावर सगळं उतरवून काढलं: कुठला आवाज आधी, तो किती वेळ, मध्ये किती सेकंद शांतता. तिच्या दृष्टीनं हा नुसता तक्ता होता, हजार वेळा डोळ्यांखालून गेलेला. आठ आवाज होते. कुठला दोन मिनिटांचा, कुठला साडेसहाचा.

घरी आल्यावर तिनं कागद जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांपुढे ठेवला. "हे घ्या. खरंखुरं. चाळीस मिनिटं, आणि ती अशी."

सासऱ्यांनी चष्मा लावला. वेळापत्रक वाचायची सवय असलेली नजर ती. वरून खाली एकदा, मग खालून वर. "आवाज म्हणजे कसला?"

"कसला म्हणजे... पहिला ठोकल्यासारखा. टक टक टक टक."

"जलद की सावकाश?"

तिनं टेबलावर चमचा आपटून दाखवला. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. नात वही सोडून धावत आली. "आणि दुसरा?" सासऱ्यांनी विचारलं. दुसरा घरघरीचा होता. तो तिनं तोंडानंच काढला. तिसरा भोंग्यासारखा, मध्ये मध्ये तुटणारा. चौथ्यापाशी नातीला हसू आवरेना, कारण आई गाल फुगवून बोकडासारखं काहीतरी करत होती. सासरे मात्र हसत नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते.

"हा दुसरा," ते म्हणाले, "जुन्या पुलावरून गाडी जाते तेव्हा होतो तसा. पुन्हा काढ."

तिनं पुन्हा काढला.

"पूलच. पण पूल माझा चौथा थांबा ओलांडल्यावर येतो. हा साडेचार मिनिटांनी येतोय." त्यांनी पेन मागून घेतलं. "म्हणजे सुरुवातीला पाण्याच्या टाकीच्या थांब्यापाशी रांग कमी धरायची. रविवारची गाडी. हं."

तासभर ते त्या कागदावर वाकून बसले होते. थांब्यांची नावं, त्यापुढे मिनिटं, कुठे खोडाखोड, कुठे बाण. मधेच ते सुनेला विचारायचे, "या पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये शांतता किती?" ती सांगायची, वीस सेकंद. "म्हणजे सिग्नल," असं म्हणून ते पुन्हा कागदात शिरायचे. सासूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी त्या येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, गाडी डेपोत लावा आता. ताटं वाढलीत." सासऱ्यांनी दचकून वर पाहिलं. "इतक्यात?" त्यांनी विचारलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा मनगटाकडे पाहायचं विसरून ताटावर बसले.

दुसरी खेप मंगळवारी सकाळची मिळाली. पुन्हा पट्टा, किल्ल्या, कवळी. पुन्हा घड्याळ सासूबाईंच्या मुठीत. टेबलावर आडवं होताना सासरे म्हणाले, "उगाच गोड बोलू नकोस. थांबा सांगायचा आणि पुढचा किती मिनिटांवर ते सांगायचं. बास."

"बरं."

"आणि कुठे जाऊ नकोस."

"कुठे जाते मी," ती म्हणाली, आणि जाळी बसवताना तिनं त्यांच्या खांद्यावर जरा जास्त वेळ हात ठेवला.

काचेपलीकडे तिनं तो कागद समोर चिकटवला. बटण दाबलं. "बाबा, गाडी डेपोतून निघाली. साडेचार मिनिटांनी जुना पूल."

मशीन ठोकायला लागलं. टक टक टक टक. ती घड्याळाकडे बघत बसली. एरवी या वेळात ती पुढच्या माणसाचा फॉर्म उघडते. आज उघडला नाही. आणि तिच्या लक्षात आलं की साडेचार मिनिटं ही बरीच लांबलचक गोष्ट आहे. एवढ्या वेळात एक माणूस लिफ्टमधून उतरून, चुकून डावीकडे वळून, परत येऊन, चौकशी करून गेला. चहावाल्या बाई कप ठेवून गेल्या. पंख्याच्या एका पात्यावर चिकटलेलं धुळीचं जळमट तिला पहिल्यांदा दिसलं. आणि तरी काटा पुलापाशी पोहोचला नव्हता.

"जुना पूल," तिनं अखेर सांगितलं. "तीन मिनिटं पुलावर."

शाळा आली, दवाखाना आला. फुग्याची घंटी वाजली नाही. पडद्यावर मणक्याची चित्रं एकामागून एक उतरत होती, स्वच्छ, रेखीव. वखारीच्या फाटकापाशी साडेसहा मिनिटांचा सगळ्यात लांब आवाज होता. "फाटक बंद आहे," ती म्हणाली, "साडेसहा मिनिटं." एवढं सांगून झाल्यावर तिला राहवेना, तिनं पुन्हा बटण दाबलं. "मी इथेच आहे."

सहाव्या आवाजाच्या वेळी चित्र बिघडलं. मणके जणू पाण्यातून दिसावेत तसे हलले. तिनं काचेतून पाहिलं, तर पांघरुणाखाली सासऱ्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता.

आवाज संपायची वाट बघून तिनं माइक उघडला. "बाबा, पाय हलतोय."

आतून बारीक आवाज आला. "सायकलवाला आडवा आला. ब्रेक नको मारू?"

"मनातल्या मनात मारा. पाय हलला की फोटो हलतो. हा आवाज पुन्हा घ्यावा लागेल. चार मिनिटं जादा."

तिची नजर फुग्याच्या घंटीकडे गेली. एवढा रस्ता कापून आता इथे घोडं अडायचं की काय.

"रस्ता खोदलाय म्हणायचं," आतून आवाज आला. "वळसा घालून जातो. चार ना?"

"चार."

"सांग मग, निघालो म्हणून."

तिनं सांगितलं. पाय पुन्हा हलला नाही.

शेवटचा आवाज थांबला तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली. जीव भांड्यात पडला होता. तिनं बटण दाबलं. "स्टेशन आलं, बाबा. संपलं. काढते बाहेर."

"नाही आलं."

"काय?"

"भाजीबाजारात आहे अजून. वळशामुळे उशीर झाला. एक म्हातारी चढतेय, दोन पिशव्या आहेत. थांब जरा."

मशीन बंद होतं. दाराशी पुढचा माणूस फाइल घेऊन उभा होता, चुळबुळत. तिला हात पुढे करून टेबलाचं बटण दाबायचं होतं, एवढंच काम. तिनं दाबलं नाही. त्या माणसाकडे वळून ती म्हणाली, "दोन मिनिटं लागतील. कदाचित तीन." तो बसला. ती काचेतून बघत राहिली. बोगद्यातून बाहेर आलेले सासऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते, मोजे घातलेले, शहाण्यासारखे जोडून ठेवलेले. आत कुणीतरी म्हातारी पिशव्या सावरत गाडीत चढली असेल, कुणी तिला जागा दिली असेल, तिकीट फाडलं गेलं असेल. तिला वाटलं, आपण या घरात येऊन सोळा वर्षं झाली, पण बाबा दिवसभर काय करायचे हे आज पहिल्यांदा पाहिलं.

मग फुग्याची घंटी वाजली, एकदाच. तिनं टेबल बाहेर काढलं.

सासरे उठून बसले. घाम नव्हता. केस हेडफोनमुळे दोन्हीकडे उभे राहिले होते. "सत्तेचाळीस मिनिटं," ते म्हणाले. "चाळीस, वळशाची चार, आणि बाजारातली तीन."

तिनं काचेपलीकडच्या घड्याळाकडे पाहिलं. "शेहेचाळीस."

"एक मिनिट म्हातारीला माफ," सासरे म्हणाले.

बाहेर बाकावर सासूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांना बघताच त्या उभ्या राहिल्या आणि आधी नवऱ्याला नखशिखांत न्याहाळून, मग म्हणाल्या, "झालं का एकदाचं? मला वाटलं, दिवस मावळला. या घड्याळाकडे शंभर वेळा बघितलं असेल. मेला काटा जागचा हलत नव्हता. दोनदा कानाला लावून बघितलं."

"मला तर पटकन गेला वेळ," सासरे म्हणाले. "बाजारात गर्दी होती म्हणून, नाहीतर आणखी लवकर आलो असतो."

"कुठल्या बाजारात?"

"सांगतो घरी."

"आणि ही तुमची सून?" सासूबाईंनी विचारलं. "तुला कसा गेला गं?"

"मला जन्मभर लक्षात राहील असा गेला," पाचमिनिटवाली म्हणाली.

सासूबाईंनी घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर स्वतःच्या हातानं बांधलं. "पुढच्या वेळी हे माझ्याकडे द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पेपर द्या, लोकर द्या, एखादं रडकं पोर द्या. घड्याळ नको."

दोन दिवसांनी अहवाल आला. मानेतल्या दोन चकत्या जरा सरकून नसेवर टेकल्या होत्या. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. मानेला पट्टा, जड उचलणं बंद आणि रोज व्यायाम. डॉक्टर म्हणाले, फोटो फार छान आलेत, पेशंट दगडासारखा पडून राहिला असणार. सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं आणि सुनेनं खिडकीबाहेर.

कामावर पाचमिनिटवालीनं पाच मिनिटं सोडून दिली. सुरुवात काही शुभ झाली नाही. पहिल्याच माणसाला तिनं सांगितलं, "बत्तीस मिनिटं लागतील," तर तो टेबलावरून उतरला, चपला घातल्या आणि चालता झाला. मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून विचारलं, हे काय नवीन. ती म्हणाली, खरं सांगून बघतेय. ते म्हणाले, जरा बेतानं सांगा. मग ती शिकत गेली. आत घालण्याआधी विचारायला लागली, "तुम्ही काय काम करता?" एक शिंपी होता, त्यानं आतल्या आत एक शर्ट शिवला, बाहेर आला तेव्हा काजं तेवढी राहिली होती. एका शिक्षिकेनं वर्गातल्या बावन्न पोरांची हजेरी घेतली, वाकड्या बाकावरच्या दोघांना उभं केलं. एका बाईनं सांगितलं, मी काहीच करत नाही, घरीच असते. तिच्याकडून मग कपाट आवरून घेतलं, वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत, आणि ती म्हणाली, सहा महिने राहिलं होतं ते काम. काहींच्या बाबतीत यातलं काहीही चाललं नाही. ते फुगा दाबायचे, ती त्यांना बाहेर काढायची, पाणी द्यायची आणि पुन्हा कधी यायचं ते ठरवायची. वरच्या मजल्यांवर तिचं नाव मात्र तेच राहिलं. एकदा पडलेलं नाव कुठे जातं.

घरी सासऱ्यांचे व्यायाम सुरू झाले. भिंतीला डोकं टेकून मान दाबायची आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवायची, असं दहा वेळा. पहिल्या दिवशी ते स्वतःच मोजत होते, आणि ज्या माणसानं सतरा थांबे मनात बसवले होते तो इथे एकापासून दहापर्यंत असा धावत होता की जणू मागे कुणी लागलंय. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या हातातली लोकर घेऊन समोर येऊन बसल्या.

"तुम्ही दाबा," त्या म्हणाल्या. "मी मोजते."

तेव्हापासून रोज सकाळी पाचमिनिटवाली डबा भरत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा. सासूबाई एक म्हणायच्या, एक टाका विणायच्या, मग दोन म्हणायच्या.

"सहा," सासूबाई म्हणत होत्या. "सात."

"पुढे," सासरे भिंतीला डोकं टेकून म्हणाले.

"बोलू नका, मान हलते. साडेसात."

"साडेसात कुठून आलं?"

"रस्ता खोदलाय," सासूबाई म्हणाल्या. "पावणेआठ."

पाचमिनिटवालीनं डब्याचं झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि चपला घातल्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोहोचली तरी वरून आठ काही ऐकू आलं नव्हतं, ऐकू येत होतं ते सासऱ्यांचं हसू आणि सासूबाईंचं "आता पहिल्यापासून." तिला कामावर जायला उशीर होत होता. ती कठड्याला हात टेकवून थोडा वेळ तिथेच उभी राहिली.